परुळेकरचे शॉकअप

रवि. २८ सप्टें. ८६
चारकोपच्या रिकाम्या प्लॉटवर नेहमीची शर्यत. हरलो. दोन वर्षं परुळेकरची रिमोटची मोटार आणि माझी, दोन्ही खड्ड्यावर सारख्याच मागच्या अंगाने उडायच्या आणि आम्ही दोन टकले सारखेच ओरडायचो. आज त्याची उडालीच नाही. मागच्या चाकांना धक्के गिळणारे, तेलाचे नवे शॉकअप! मेहुणा जहाजावर, त्याने सिंगापूरहून आणले. सोनेरी नळी, आरशासारखा दांडा. माझ्या मागे नुसत्या कोरड्या स्प्रिंगा.
"गुरुजी, हात लावन बघा." (पाठशाळेत चार वर्षं काढली, म्हणून मी गुरुजी. बँकेत चिकटलो ते कोणी धरत नाही.)
लावला. वाईट म्हणजे, फार छान आहेत.

मंगळ. ३०
तसले इथे मिळत नाहीत. मिळाले असते तरी सौ.: "पितृपक्षात नवी वस्तू? अहो, पितर काय म्हणतील!" पितरांना मोटार कुठे होती...
टॉर्चच्या स्प्रिंगा कापून बसवल्या. मोटार आता बेडूक.

रवि. ५ ऑक्टो.
पुन्हा हरलो. प. म्हणतो, दसऱ्याला सगळ्या बिल्डिंगला बघायला बोलावू. बोलाव, बाबा.
मत्सर हा षड्रिपूंत सहावा. शेवटी यायचा म्हणून पाठ करताना किरकोळ वाटायचा.

शुक्र. १०
प. दारात. टॉवेलात गुंडाळलेली मोटार, जणू बाळ. आणि बाळाचीच बातमी.
"मालवणाक भावाक चेडू झाला. सोयर. आमच्याकडे उद्याची पूजा नाय. तुमच्या खंडेनवमीत माझी गाडी पण ठेवा ना, गुरुजी."
शत्रूचं शस्त्र माझ्या पाटावर. ठेवलं.

शनि. ११, खंडेनवमी
पाटावर स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सौ.ची कात्री, दोन मोटारी. पूजा मी सांगितली; कुंकू सौ.चं. जे चकाकेल त्याला ओलं बोट. प.च्या दोन्ही दांड्यांना तर भरपूर. आता सुकून खरखरीत झालंय. दांडा नळीत गेला की कण तेल अडवणाऱ्या रबरी चकतीत जाणार, चकती चिरणार, तेल गळणार, मोटार गिरक्या घेणार. माझ्या कोरड्या स्प्रिंगांना कुंकवाचं सोयरसुतक नाही.
"पुसू का गं थोडं?"
"उत्तरपूजेआधी? आणि हे पाठशाळेत शिकलेले!"
शास्त्र माझ्या बाजूने आहे. हीच पंचाईत.
संध्याकाळी तिसऱ्यांदा पाटापाशी जाऊन उभा राहिलो. सौ.: "झुरळ आहे का तिथे?"
"हो," म्हटलं. "मोठं आहे."

रवि. १२, दसरा, सकाळ
उत्तरपूजा उरकली. ओलं फडकं घेऊन डावा दांडा लख्ख पुसला. उजव्याला हात घालतो तोच बेल. प., नवा शर्ट. मोटार उचलली, टॉवेलात घातली, शिवाय वाकून मला नमस्कार.
"कुंकूबिंकू! झकास!"
"परुळेकर, ते उजवीकडचं जरा—"
"मैदानात बोला, गुरुजी. आणि मेहुण्याला सांगितलंय हां, डिसेंबरात तुमच्यासाठी पण जोडी आणतोय. गाड्या सारख्या असल्या तरच मजा, काय?"
जिना उतरलासुद्धा.
फडकं खिशात घातलंय. रिक्षाने गेलो तर प. शर्यतीआधी सगळ्यांना मोटार फिरवून दाखवेल, त्याच्या आत पोचेन. सौ. म्हणते, हवा छान आहे, चालतच जाऊ या.