एकाच चुलीचा धूर

आई,

आज मावशीला घेऊन रत्नागिरीला छातीच्या डॉक्टरांकडे गेले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तिची फुप्फुसं तपासायची होती. नळीत जोरात फुंकायचं असतं. ऐंशी ओलांडलेल्या तुझ्या थोरल्या बहिणीनं असं काही फुंकलं, की डॉक्टर हसून म्हणाले, आजींची छाती छान आहे. आनंद व्हायला हवा होता. मला तू आठवलीस, पन्नाशीतली, उशांच्या चवडीला टेकून बसलेली, एक वाक्य बोलताना मध्ये दोनदा थांबणारी. आणि मला मावशीचा मत्सर वाटला.

तुम्ही दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या, त्यामुळे पावस गावातल्या घरात चूल एकच. भात उकडायच्या दिवसांत मागच्या पडवीत नारळाच्या झावळ्यांची ओलसर चुडतं धुमसायची आणि तुम्ही आळीपाळीनं फुंकणी घ्यायच्यात. मी दारात उभी आहे. डोळे पुसत तू माझ्यावर खेकसतेस, आत जा, धूर खाऊ नको. तो धूर तुम्ही दोघींनी सारखाच खाल्लात. विडीला कधी हात न लावलेल्या बाईला हा फुप्फुसांचा आजार कसा, म्हणून लोक नवल करायचे.

आता मी कॉलेजात हेच शिकवते. धुरामुळे फुप्फुसात ऑक्सिजनचे उतावळे रेणू तयार होतात आणि भेटेल त्या पेशीला जाळत सुटतात. त्यांना विझवायला शरीराजवळ स्वतःची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. एक विकर त्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, कॅटलेज नावाचं दुसरं त्याचं पाणी आणि साधा ऑक्सिजन करून टाकतं. कुणाच्यात ही विकरं भरपूर, कुणाच्यात तोकडी. वर्षानुवर्षं धूर येत राहिला की तोकडी असतील ती पुरी पडत नाहीत. तुझं असंच झालं असेल का, हे मी सांगू शकत नाही. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. पण एका आईच्या पोटच्या दोघींत वाटणी अशी का व्हावी, हे फळ्यावर लिहिताना माझा हात दरवेळी थोडा रेंगाळतो.

परतताना रिक्षात मावशीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"ती गेली नि मी मागे रवले, ह्याचा तुला राग येतो ना गो?"

मी नाही म्हणाले. तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला.

"मलाही येतो," ती म्हणाली. मग घर येईपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.

हे तुला कुठे पाठवणार? पण तुझ्यापासून लपवून तरी काय करू. मत्सर अजून गेलेला नाही. आत्ता स्वयंपाकघरात मावशीला नुसता ठसका लागला, तर पेन टाकून मी धावत गेले. मिरचीची फोडणी होती. तरी बराच वेळ तिच्या पाठीवरून हात काढला नाही.