मामंजींचं धोतर

पाली, ज्येष्ठ शु॥ ५, शके १८५४

चि. मन्मथास गंगासागरचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पुण्याला शेतीचं कॉलेज शिकून तू वाळलास असं आई म्हणती. हिकडं बातमी मोठी हाय. तुझ्या दाजींनी लोखंडी नांगर आणला. चार बैलजोड्या जुंपून नदीकाठचं निम्मं रान हातभर खोल उलथलं. बघायला लिंबागणेशहून माणसं आलती. मामंजी मात्र लई तापले. म्हणाले, आमी पिढ्यान्‌पिढ्या वरवर चालणाऱ्या वखरावर ज्वारी काढली, तू मातीचं पोट फाडलंस. उरलेल्या निम्म्या रानात त्यांनी नांगर शिरू दिला न्हाई. तवापासून बापलेक एका पंगतीत बसतात अन्‌ निरोप माझ्या तोंडून धाडतात. रुद्रप्पाला सांग, बाबांना सांग! आता मामंजी वाटणी करू म्हणतात. चुली दोन झाल्या तर मी कुठल्या चुलीपाशी बसू? तू भिंगातून माती बघतोस म्हणं. कोण खरा ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का

पुणे, आषाढ व॥ २

ती. अक्कास मन्मथचे साष्टांग शरणार्थ. वि. वि.

भिंगाखाली दिसतं ते सांगितलं तर मामंजी मला वेड्यात काढतील. चिमूटभर मातीत नारायणगडच्या जत्रेहून जास्त जीव असतात. ज्वारीच्या मुळ्यांभोवती तर त्यांची दाटीच. धसकटं, पाला तेच कुजवतात, त्यातूनच पिकाला कस मिळतो. नुसती ज्वारीचीच धसकटं पडली, तर मात्र ते मातीतला कस उचलतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. खोल नांगरटीने या जिवांचं भलं होतं की वाईट, यावर आमच्या मास्तरांतही तुझ्या घरासारखंच चालू आहे. दोन्ही रानांची माती वेगवेगळ्या पिशव्यांतून धाड. मग बघून सांगतो. निकाल दाजींच्या विरुद्ध गेला तर मला तूच सांभाळून घे.

तुझा मन्मथ

पाली, श्रावण शु॥ १२

चि. मन्मथास आशीर्वाद. वि. वि.

माती धाडली, पण हसू नकोस. आपला गडी त्रिंबक बार्शीला निघालता, तिथनं रेल्वेनं धाडायला त्याच्याजवळ पिशव्या दिल्या. संस्थानाच्या सरहद्दीच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, माती कशाला नेतोस बे? त्रिंबक घाबरला. सोनं न्हाई हे दाखवायला त्यानं दोन्ही पिशव्या एकाच घोंगडीवर ओतल्या, अन्‌ जमेल तशा परत भरल्या. आता तुझ्या भिंगाला बापलेकांचा काला दिसंल. दुसरी तोड सांग. घरात बोलणं अजून बंदच हाय.

तुझी अक्का

पुणे, श्रावण व॥ ८

ती. अक्कास शरणार्थ. वि. वि.

काला पोचला. त्रिंबकला माझा दंडवत! आता भिंग नको. एकाच जुन्या सुती कापडाच्या चिंध्या कर. दोन्ही रानांत एक वर, एक हातभर खाली पूर आणि महिन्याभराने उकर. जिथे जीव जास्त, तिथे कापड जास्त खाल्लेलं निघेल. उकरायला मात्र दोघांनाही ने.

तुझा मन्मथ

पाली, आश्विन शु॥ ३

चि. मन्मथास उदंड आशीर्वाद. वि. वि.

मामंजी हसले, पण आपलं धोतर त्यांनीच फाडून दिलं. काल बापलेक उकरायला गेले, मी भाकरी घेऊन मागं. वखराच्या रानातली वरची चिंधी चाळणी झालती, खालची जशीच्या तशी. मामंजी गरजले, बघ बे रुद्रप्पा! नांगराच्या रानात उलटं निघालं. वरची कोरी, खालची कुरतडलेली. वरचे जीव खाली गाडले गेले अन्‌ तळाची रिकामी माती वर आली. दाजी म्हणाले, खाली तरी खाल्लंय की! मग दोघं बांधावर असे भांडले की नदीपलीकडची माणसं थांबली. मला लई बरं वाटलं. बोलत तरी होते! शेवटी ठरलं, हरळीचं तण माजलं तरच नांगर, एरवी वखर. वाटणीचं नाव कुणी काढलं न्हाई.

अजून एक हाय. त्याच धोतराचा एक तुकडा मी गुपचूप ठेवलता. वखराच्या रानाच्या कोपऱ्यात मी ज्वारीत तुरीच्या ओळी टाकल्यात, तिथं नुसती ज्वारी न्हाई म्हणून तो तिथंच पुरला. दोघांपुढं उकरला तर हाती चार दोरे आले. मामंजींनी ते दोरे तळहातावर घेऊन बघितले. मग मी लग्न होऊन आले तवापासून पहिल्यांदा मला विचारलं, सूनबाई, पुढच्या साली काय पेरायचं?

मी पदर सावरला, अन्‌ बांधापासून नदीपर्यंत सगळ्या रानाचं सांगितलं.

दिवाळीला ये. माया अशीच ओली ठेव.

तुझी अक्का