सिंदुरासुर चार मिनिटांत मरतो

श्रीमान हरेश्वर तांडेल साहेब, मुक्काम माहीम कोळीवाडा, यांस लालबागहून विकास पेडणेकर याचा साष्टांग नमस्कार. (कमरेला पट्टा असल्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, तो लेखी स्वीकारावा.) आपली प्रकृती, आपला डावा गुडघा, शेवंतावहिनींची शुगर आणि चि. निमेशची नवी नोकरी हे सगळं ठीकठाक असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण गेल्या गणपतीच्या पाचव्या दिवसापासून आपण माझा फोन उचललेला नाही, आणि व्हॉट्सॅपवर माझे फक्त सुप्रभात जातात, येत काही नाही. असो. हे 'आपण' माझ्याने पुढे रेटवत नाही. तेहेतीस वर्षं तुला अरेतुरे केलं, आता रागावलास म्हणून मान द्यायला बसलो तर हात दुखायला लागला.

तू कशावरून रागावलास ते मला माहीत आहे. मंडळाच्या देखाव्याच्या कॉम्प्युटरमध्ये जे ग्राफिक्स कार्ड होतं, ते तू दिलेलं. निमेशने गेम खेळायला घेतलं, मग त्याचं लग्न ठरलं आणि कार्ड आमच्याकडे आलं. नऊ वर्षं त्यानेच पडद्यावर देव नाचवले, राक्षस मारले. गेल्या वर्षी ऐन गर्दीत चित्र अडकलं, सिंदुरासुराचा एक पाय अकरा मिनिटं हवेत राहिला, रांग पार पुलापर्यंत गेली, आणि सगळ्या कमिटीसमोर माझ्या तोंडून निघालं की हे हरेश्वरचं भंगार आहे. तू रांगेला सूचना देत होतास तो माइक खाली ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलास. (माझ्या चपला घालून गेलास, पण तो विषय मी काढणार नाही.)

तर हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. यंदा मंडळाने नवं कार्ड घेतलं. घेण्याआधी जुन्या-नव्याची रीतसर तुलना व्हावी असा ठराव मीच मांडला, कारण तुझ्या वस्तूवर अन्याय नको. माझी पुतणी अपेक्षा ॲनिमेशनचं काम करते, तिने दुकानातून नवं कार्ड दोन दिवस तपासायला आणलं. तिने कमिटीला समजावून सांगितलं की आपला देखावा म्हणजे आधी तयार करून ठेवलेली फिल्म नाही. कार्ड प्रत्येक चित्र तिथल्या तिथे काढतं, आणि अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. जुनं कार्ड सेकंदाला वीस फ्रेम काढतं, नवं पंचेचाळीस. जुन्याची मेमरी दोन जीबी, नव्याची आठ. शिवाय गर्दीचा सीन आला की जुन्या कार्डावर फ्रेम पडतात.

इथे आपले अध्यक्ष आनंदा सावंत एकदम गंभीर झाले. त्यांनी वर पाहिलं. मंडळाच्या ऑफिसात भिंतीवर अकरा माजी अध्यक्ष चंदनाचे हार घालून फ्रेममध्ये बसलेले आहेत हे तुला माहीत आहेच. तुझ्या कार्डाचा पंखा चालू झाला की घरघंटी लावल्यासारखी भिंत थरथरते, आणि गेल्या वर्षी दोन माजी अध्यक्ष खरंच खाली आले होते. आनंदाने त्याच संध्याकाळी सुतार बोलावून अकराच्या अकरा जणांना चार-चार इंची खिळे ठोकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, 'विकासशेठ, फ्रेमचा प्रॉब्लेम मिटला. आता नवीन कार्ड कशाला?' त्याला पटवण्यात माझा एक रविवार गेला. अजूनही तो जाता-येता फ्रेम हलवून बघतो.

मग प्रत्यक्ष चाचणी झाली. आधी जुनं कार्ड. देखावा नेहमीप्रमाणे नऊ मिनिटांत संपला, तुझा रेकॉर्ड केलेला आवाज चित्रावर बरोब्बर बसला, कारण तू त्याच कार्डाकडे बघत रेकॉर्डिंग केलं होतंस. मग नवं कार्ड. रंग असे की बाप्पाच्या दागिन्यांतला खडा अन् खडा मोजावा. पण ते चित्रं भराभर काढतं, त्यामुळे देखावाच भराभर पळतो. नऊ मिनिटांची गोष्ट चार मिनिटांत उरकली. तू 'आणि इतक्यात...' म्हणून तुझा तो प्रसिद्ध श्वास घेतलास, तेवढ्यात सिंदुरासुर मेला, फुलं पडली आणि देणगीदारांचे आभारही मानून झाले. मग रिकाम्या पडद्यावर तू आरामात सांगितलंस की राक्षस आता जागा होत आहे. कमिटी हसली. मी हसलो नाही. (थोडा हसलो.)

रांग दुप्पट वेगाने सरकेल म्हणून आनंदाला चार मिनिटंच आवडली. मग तुझा आवाज पळवून बघितला, तर तू शाळेतल्या पोरीसारखा बोलायला लागलास. शेवटी अपेक्षाने कॉम्प्युटरमधल्या एका बाईच्या आवाजात सगळं वाचून घेतलं. उच्चार स्वच्छ, चूक एक नाही, पण ती बाई राक्षसाचा वध असा सांगते जसा आपला गॅस सिलिंडर बुक झाला आहे. ऐकताना मला फार वाईट वाटलं, हरेश्वर. बाईचा दोष नाही. पंचवीस वर्षं तो पडदा उघडला की आधी तुझं खाकरणं ऐकू यायचं.

एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, निमेशला आशीर्वाद.

तुझा,
विकास

ता. क. – भंगार म्हणालो ते चुकलं. त्या कार्डाने नऊ वर्षं चालवून घेतलं, एकदाच अडकलं. मी रोज अडकतो. येत्या रविवारी चार वाजता ऑफिसात ये आणि चार मिनिटांत बसेल असं नव्याने बोलून दे. श्वास जरा आखूड घे.

ता. क. २ – अपेक्षाने वरचं वाचलं. ती म्हणते, 'काका, हे का लिहिलंत? चित्राचा वेग मी बुधवारीच बांधून दिलाय.' म्हणजे नव्या कार्डावरही देखावा आता नऊ मिनिटांचाच चालतो आणि तुझा जुना आवाज बरोब्बर बसतो. आनंदानेही मान्य केलं आहे. तेव्हा नव्याने बोलण्यासारखं काही काम उरलेलं नाही. तरी ये.