चौकटीवर उठलेला शिक्का

मी, सोमाजी वारलू भोयर, सुभेदार मेजर (निवृत्त), वय अठ्ठावन्न, राहणार एटापल्लीजवळ, जिल्हा चांदा. शुद्धीत आहे, ताप नाही, दारूला शिवलो नाही. उद्या कोणी उलट सांगेल म्हणून हे आधीच लिहितो.

शिपाई म्हणून भरती झालो. ब्रह्मदेशातल्या लढाईबद्दल पदक मिळाले आणि त्याबरोबर जंगलातली जमीन. त्या जमिनीत माडिया लोकांची देवराई आहे हे कागदावर कुठेच नव्हते. गावचा गायता, म्हणजे देवाचा पुजारी, लालसू भेटायला आला आणि हसून म्हणाला, "साहेब, तुमाले देव बक्षीस भेटला. आमाले काऊन नाई इचारलं?" जे सरकारचे नव्हते ते सरकारने दिले. मी ते परत करतो.

माझा पुतण्या मुखरू याने राईतला सागवान ठेकेदाराला कबूल केला आहे. मला म्हणतो, "काका, झाडं का पेन्शन देतेत तुमाले?"

तोडायच्या झाडावर ठेकेदाराची माणसे हातोड्याने शिक्का ठोकतात. परवा सकाळी तो शिक्का माझ्या दाराच्या चौकटीवर दिसला, बरोबर छातीच्या उंचीवर. दानपत्र येत्या सोमवारी कचेरीत नोंदायचे आहे. तोवर मी जिवंत असेन याचा भरवसा नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

राई व सारी जमीन लालसू गायता आणि त्याच्या गावाला. तिथे कुऱ्हाड चालू नये.

घर पत्नी कमळा हिला. तिने तूर्त चांद्याला बहिणीकडे राहावे. का, ते तिला ठाऊक आहे.

मुखरूला माझी तलवार. ती गंजून म्यानात अडकली आहे. त्याच्या हाती तशीच बरी.

मी साप चावून, झाडाखाली सापडून किंवा नदीत बुडून मेलो असे सांगितले गेले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. एकतीस वर्षे सैन्यात काढली. अपघात कसे घडवतात ते मला माहीत आहे.

साक्षीला जलालुद्दीन शिंप्याखेरीज दुसरे कोणी येईना, तेव्हा मुखरूची बायको भागीरथा आपण होऊन आली.

"सूनबाई, घरी काय सांगशील?"

"तो मले घरात घेनार नाई, काकाजी. मंग सोमवारी मीच येतो तुमच्या संगं."

म्हणून शेवटचा हुकूम. कचेरीच्या वाटेवर मी पडलो, तर भागीरथाने माझ्यापाशी थांबू नये. हा कागद घेऊन पुढे जावे.

सही: सो. वा. भोयर
गुरुवार, १७ जानेवारी १९५७

आमच्या समक्ष सही केली:
जलालुद्दीन शेख, शिंपी, एटापल्ली
भागीरथा मुखरू भोयर, डाव्या हाताचा अंगठा