कोट घातलेलं रेडकू

मुक्काम बाक हा, मंगळवार

आपल्या हुएच्या आईस,

डोंगरात सगळे खुशाल. आठवडाभर दव गोठून गवत पायाखाली कडाकडा मोडतंय, एवढंच.

तू शिवलेला कापसाचा कोट रेडकाच्या अंगात आहे, रागावू नकोस. इथे थंडीत म्हशींना जुने कपडे घालून घरात चुलीपाशी बांधतात. आपल्या जावयाचं, पाओचं, रेडकू परवा आडवंच झालं. ते गेलं तर पुढे नांगराला काय जुंपणार? पाओ नुसतं त्याचं अंग चोळत बसला, म्हणून मीच कोट उतरवला.

मग त्याच्याशेजारी बसून शाळेतली वसंताची कविता म्हणू लागलो. आठवते? वर्गात आधी तुलाच पाठ झाली होती. हुए करवादली, "बाबा, कविता पुरे, चूल फुंका! तुम्ही आजारी पडलात तर आई मला सोलून काढेल."

आज ते उठलं, पेज प्यायलं. पाओ कोट काढायला गेला, तर हंबरायलाच लागलं. "बाबा, आता तुम्हीच म्हशीचं पोतं पांघरा," म्हणाला आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला.

माझा खोकला किरकोळ आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

घाटातला बर्फ वितळला की नववर्षाआधी पोचतो. कोटाशिवायच येईन. दारातच ओरडू नकोस, आधी आत घे.

तुझा,
हुएचा बाबा