कातरलेल्या चित्रांचा बाप

सोलापूर, १९३४

बजीच्या बापास,

तुमी रंगूनला गेल्याला सहा वर्सं झाली. आपली बजी इचारती, "माजा बाप कसा दिसतो?" घरात तुमचा फोटो न्हाय.

मी गिरणीत कापडाच्या ताग्यांवर छापील चित्रं चिकटवते. त्यातली फाटकी घरी आणली, कातरून तुमचं तोंड जुळवलं. फेटा राजाचा, मिशा पैलवानाच्या. डोळे कुणाचेच जमंनात, मग लक्ष्मीचे लावले. पोरगी त्येच्याशी लई बोलती.

काल तुमच्या आईनं त्या तसबिरीला हार घातला. हार गेलेल्या माणसाला घालत्यात, हे मला सांगाय नको.

तुमचा पत्ता कुणापाशीच न्हाय, म्हणून ही चिठ्ठी तसबिरीमागं खोचते. कुंकू लावलंय, आता कामावर निघाले. हार तेवढा काढला न्हाय.

सोजर