नितळ हात

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे बापलेक! सामान ते काय, दोन ट्रंका, गादीची वळकटी आणि अण्णांची आरामखुर्ची. ती त्यांनी काही केल्या मागे ठेवू दिली नाही. टेम्पोवाल्याने विचारलं, तुम्ही खुर्ची घेऊन चाललात की खुर्ची तुम्हाला? अण्णा हसले. फर्निचर पॉलिशचं आमचं दुकान उठल्यापासून पहिल्यांदाच.

खोली गाड्या चमकवायच्या वर्कशॉपच्या डोक्यावरच आहे. दोन मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, नळाला भरपूर पाणी. अठरा पायऱ्या उतरल्या की मी कामावर. उशीर झाला म्हणून सबब सांगायची सोयच राहिली नाही.

मालकीणबाईंना ताई म्हणायचं. पन्नाशीच्या असतील. बोलणं इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. अण्णांना त्यांनी स्वतः हात धरून जिना चढवला, खोकल्याची चौकशी केली. चाळीस वर्षं स्पिरिट आणि लाखेच्या वासात काढलेला माणूस, खोकणारच. ताई म्हणाल्या, इथे धूळ औषधालाही सापडणार नाही. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहिलं. खरंच नाही.

रोज लिहायची सवय अण्णांचीच. कुठल्या लाकडाला किती हात दिले, ते वहीत टिपल्याशिवाय मला जेवायला बसू देत नसत. आता लाकूड सुटलं, पण वही तीच ठेवणार आहे.

७ फेब्रुवारी

लाकूड पॉलिश पितं. गाडी काही पीत नाही. तीन दिवसांत एवढं कळलं.

कपाटाला ओरखडा पडला की आम्ही पॉलिश पेपर घ्यायचो आणि रेषेरेषेने घासत सुटायचो. खाली लाकूड भरपूर. गाडीच्या रंगावर मात्र एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ, आणि सगळी चमक त्या थराची. तो संपला की संपला. सरावाला दिलेल्या एका मोडक्या दारावर मी मशीन क्षणभर जास्त दाबलं, तर रंग जळून खालचा पत्रा दिसायला लागला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे नुसतं वरवरचं काम! मी म्हटलं, वरवरचंच, पण जीव खातं.

माझ्या जोडीला एकच माणूस आहे. त्याला बॅटरी म्हणतात, कारण हातात सदा तपासणीचा दिवा. दिवा तिरका धरला की चकचकीत गाडीवरही बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. ते जाळं घालवायचं, हेच आमचं काम. बॅटरी भला माणूस आहे. उकाड्यातही पूर्ण बाह्या, मनगटापर्यंत बटणं. पहिल्या दिवशी हात मिळवला तर त्याचा हात साबणाच्या वडीसारखा निसटला.

१२ फेब्रुवारी

सकाळी दारातच ताई हात तपासतात. तळवे वर, मग खाली. माझा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, सुतारकामाचा हात आहे, बोलका आहे. मला बरं वाटलं.

आज बॅटरीचे तळवे पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांवर एकही रेषा नाही. मी थट्टेने विचारलं, ज्योतिषाला काय दाखवतोस? तो हसला नाही. त्याने मूठ मिटली.

हातमोजे का वापरायचे नाहीत, हेही विचारलं. ताईंचं म्हणणं, शेवटचा हात उघडाच फिरला पाहिजे, रंग बोटांना जे सांगतो ते दिव्यालाही सांगत नाही. हे मला पटलं. अण्णाही डोळे मिटून बोटांनीच लाकूड तपासायचे.

१९ फेब्रुवारी

काळी मोठी गाडी. दोन दिवस खपून आरशासारखी केली. शेवटी दिवा लावला तर टपावर तीन ओरखडे, शेजारी शेजारी. माझ्याच हाताचे. करंगळीखाली जुना घट्टा आहे, वर्षानुवर्षं रंधा मारून आलेला.

वाटलं, आता गाठोडं बांधायचं. पण ताईंनी मला खुर्चीत बसवलं, कोमट पाण्याचं भांडं आणलं, चारशे नंबरचा पेपर भिजवला आणि माझा घट्टा स्वतः घासला. अगदी हळू, गोल गोल. मग आठशेचा. मग दोन हजारचा. दुखलं नाही. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून इतक्या मायेने माझा हात कुणी हातात घेतला नव्हता.

२१ फेब्रुवारी

चमत्कार आहे! घासलेल्या जागेला सगळं कळतं. रंगावर धुळीचा कण बसला तर बोट त्याच्यावर पोचायच्या आधी कळतं. आज बॅटरीला दिव्याने न दिसलेला डाग मी हाताने शोधला. ताई म्हणाल्या, असा हात दहा वर्षांत पाहिला नाही.

मीच विचारलं, बाकीचा हातही करायचा का?

२ मार्च

दोन्ही तळवे झाले. आता बोटं चालू आहेत. फोन माझा अंगठा ओळखत नाही.

अण्णांनी जेवताना माझा हात उलटा केला. बघत राहिले. मग ताट सारलं आणि म्हणाले, हे काय करून घेतलंस? मी म्हटलं, कामाचा भाग आहे. ते म्हणाले, काम हाताने करायचं असतं, हातावर नाही.

वर्कशॉपचं त्यांना काय कळणार?

९ मार्च

बोटांच्या टोकांतून पाणी येतं, कधी रक्त. पेन टोचतं. यापुढे थोडक्यात लिहीन.

चार दिवस घासणं थांबवावं असं मी ताईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, अवश्य, इथे कुणावर जबरदस्ती नाही. आणि बॅटरीकडे पाहून मान हलवली.

बॅटरीने मला गाड्या धुण्याच्या जागेत नेलं आणि डावी करंगळी दाखवली. तेवढी एक त्याने मागे घासायची सोडून दिली होती. ती वाळक्या सालीसारखी उभी फाटली आहे, भेगांत लाल मांस दिसतं. म्हणाला, घासलेली कातडी परत येते ती अशी. दुप्पट खरखरीत, आणि मिटत नाही. एकदा सुरू केलं की शेवटी गाडीला देतात तसलं कोटिंग लागतंच. ते ताईंकडेच असतं.

मग त्याने बाहीची बटणं काढली.

कोपरापर्यंत. एक केस नाही, एक छिद्र नाही. काचेसारखा लेप. त्या लेपात मला वरचा दिवा दिसला, आणि दिव्याखाली माझं तोंड.

विचारलं, काय जाणवतं?

तो म्हणाला, काहीच नाही.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू गेला असतास. मग दोन माणसांचं काम माझ्या एकट्याच्या हातांनी झालं असतं.

१३ मार्च

अण्णा खाली आले. मला जेवायला बोलवायला. येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

पांढरी गाडी नुकतीच संपली होती. ते तिच्यापुढे उभे राहिले, आणि या सबंध महिन्यात पहिल्यांदा म्हणाले, काम बाकी झकास केलंस. आणि तिच्यावर हात फिरवला. जसा जेवणाच्या टेबलावर फिरवायचे तसा. पूर्ण तळवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला ओरखड्याचा आवाज ऐकू आला. त्यांना नाही आला.

ताई मागेच होत्या. रागावल्या नाहीत. अण्णांना म्हणाल्या, बाबा, तुम्ही जेवून घ्या.

१४ मार्च

ताईंचं म्हणणं — अण्णा इथेच राहणार. म्हणजे कठडा, दारं, गाड्या, सगळ्याला हात लागणार. तेव्हा त्यांचेही हात करून घ्यावेत. तू कर किंवा बॅटरी करेल. बॅटरीचा हात जड आहे, तू बघ.

मी म्हटलं, आम्ही जातो.

ताई म्हणाल्या, जा की. दार उघडंच आहे. मग माझी बोटं हातात घेऊन फुंकर घातली. पंधरा दिवसांत या बोटांनी घास उचलता येणार नाही, म्हणाल्या. मग बाबांना कोण सांभाळेल? कोटिंग हवं असेल तर बाबांचं आधी करून आण.

१६ मार्च

केलं.

अण्णांना सांगितलं, तळव्याच्या भेगांवर उपाय आहे. त्यांनी लगेच दोन्ही हात पुढे केले. लहान मुलासारखे. आरामखुर्चीत बसले होते, खिडकीतून ऊन येत होतं.

चारशेचा पेपर घेतला. त्यांनी नंबर ओळखला. आवाजावरूनच ओळखला असणार. माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं कळलं त्यांना. मी थांबलो.

त्यांनी हात मागे घेतले नाहीत. म्हणाले, "तुझे हात सुटणार आहेत का याने?"

मी मान डोलावली.

"मग पाण्यात बुडव. कोरडा घासू नकोस, किती वेळा सांगितलंय."

चाळीस वर्षांचा हात. चारशेने काही होईना. एकशेवीसच्या खरखरीत पेपरवर यावं लागलं.

तेवढा वेळ खोकलेसुद्धा नाहीत. हलू नये म्हणून.

२० मार्च

अण्णा कप धरू शकत नाहीत. मी भरवतो. माझ्या हातातूनही चमचा पडतो. दोघंही ते न पाहिल्यासारखं करतो.

आज फक्त एवढंच म्हणाले, तुझा हात हलका आहे.

२३ मार्च

कोटिंग झालं. आधी अण्णांचं, मग माझं. दोन थर. मधे तासभर गरम दिव्याखाली.

आग थांबली. सगळंच थांबलं.

अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना कळला. मला नाही.

२५ मार्च

पेन मनगटाला फडक्याने बांधलं आहे. बॅटरीने बांधून दिलं. विचारलं, काय लिहितोस? म्हटलं, सवय.

खाली काम करवत नाही. मशीन निसटतं. ताई म्हणतात, होतं सुरुवातीला.

अण्णांकडे बघत होत्या. बराच वेळ. दिवा तिरका धरून.

२७ मार्च

सकाळी वर आल्या. अण्णांची हनुवटी दोन बोटांनी उचलली. म्हणाल्या, किती जाळं झालंय चेहऱ्यावर. सुरकुत्यांत धूळ बसते, त्यानेच खोकला जात नाही. उद्या दुपारी करून टाकू. डोळ्यांभोवतीचं तूच कर, तुझा हात —

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

२८ मार्च

सकाळीच निघायचं. ट्रंका राहू देत. खुर्ची राहू दे. अण्णांना चपला पायानेच सरकवून दिल्या.

दाराची मूठ गोल आहे. पितळी. कुलूप नाही, कधीच नव्हतं. रोज बॅटरी बाहेरून उघडतो, त्याला सवय आहे, म्हणून —

फिरत नाही. हात फिरतो, मूठ फिरत नाही.

दोघांचे चार हात लावले. नुसते घसरतात. टॉवेल लावला, टॉवेल धरता येत नाही. दातांनी — अण्णांना दातच किती —

खिडकीची कडी पण तशीच. काच कोपराने मारली. जाड आहे.

बॅटरीला हाक मारली. खालचं मशीन थांबलं. मग परत सुरू झालं.

अण्णा म्हणाले, दम घे, मग पुन्हा. म्हणाले, दोन मनगटांत धर, पिळ. तसं केलं. थोडी हलली. खरंच हलली. अण्णा म्हणाले, शाब्बास —

जिन्यावर पावलं. दोघांची. भांड्यात पाणी हिंदकळतंय.

अण्णा दाराला पाठ लावून उभे आहेत. मला मागे हो म्हणतात. मी इकडे काय लिहीत बसलोय, मला —

मूठ बाहेरून फिरते आहे. सहज. ताई हळूच काहीतरी बोलतायत, ऐकायला अण्णा वाकले आणि